शेंगाफोडणीवरचे दोन हात

सांगलीच्या अभिकल्प, विज्ञान आणि तंत्रज्ञान संग्रहालयात येणारे लोक दर्शनी दालनातल्या दीडशे वस्तू बघत, पंपाच्या मॉडेलशेजारी फोटो काढत आणि घरी जात. मागच्या पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये आणखी अकरा हजार वस्तू ठेवलेल्या आहेत, हे त्यांच्या गावीही नसे. त्या शेडला सगळे 'संग्रह' म्हणत, आणि संग्रहाच्या किल्ल्या गेली अठ्ठावीस वर्षं उज्ज्वला दानोळे यांच्या कमरेला होत्या.

प्रत्येक वस्तूचं एक कार्ड होतं. वस्तू कुणी दिली, कुणी घडवली, कुणी वापरली आणि तिची हकिगत काय, हे त्यावर लिहिलेलं. देणगीदार जे सांगतील ते लिहून घ्यायचं, असा नियम. उज्ज्वलाबाई लिहून घेत. पण ज्या हकिगतीवर त्यांचा विश्वास बसत नसे, तिच्यात त्या एक शब्द गुपचूप घालत. 'या चरकावर म्हणे संस्थानिकांसाठी उसाचा रस काढला जाई.' 'ही सायकल म्हणे सांगली ते पुणे अकरा तासांत गेली.' अकरा हजारांपैकी सात हजार कार्डांवर 'म्हणे' होतं.

कार्ड क्रमांक २०९३ वर मात्र नव्हतं. 'हातानं चालवायची शेंगाफोडणी. निर्मिती: शशिकांत दानोळे, २०१०. जिल्हा प्रदर्शनात प्रथम क्रमांक.' हे कार्ड त्यांनी स्वतःच्या हातानं, जरा ठळक अक्षरात लिहिलं होतं. कारण शशिकांत दानोळे हे त्यांचे यजमान आणि ही शेंगाफोडणी हे त्यांच्या लग्नाचं कारण.

बावीस वर्षांच्या असताना उज्ज्वलाबाईंनी पाच स्थळं नाकारली होती. एकाला दुचाकीची चेन बसवता येत नव्हती, एकानं पंख्याचं बटण फिरवायलासुद्धा आईला हाक मारली. वडील आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे निदेशक. लोखंडाच्या किसात वाढलेली मुलगी. तिनं जाहीर केलं, "ज्याला स्वतःच्या हातानं काहीतरी घडवता येतं, त्याच्याशीच लग्न करीन. नाहीतर राहीन तशीच." मग वडिलांनी तिला जिल्हा प्रदर्शन बघायला नेलं. तिथं एक उंच, लाजरा मुलगा या शेंगाफोडणीपाशी उभा होता. आत चौसष्ट दाते, प्रत्येक कानशीनं घासून नेमक्या कोनात बसवलेला. वरून शेंगा ओतायच्या, हँडल फिरवायचं. खालून अख्खे दाणे, बाजूनं टरफलं.

"हे तुम्ही केलंत?" तिनं विचारलं.

"होय," मुलगा म्हणाला.

पुढच्या वर्षी लग्न झालं.

नंतरच्या बत्तीस वर्षांत शशिकांतरावांनी घरात एक खिळासुद्धा ठोकला नाही. नळ गळला की प्लंबर, खुर्ची डुगडुगली की सुतार. ते पंपाच्या सुट्या भागांच्या दुकानात विक्रीचं काम करत आणि सांगत, "माझा हात निर्मितीचा आहे गं, दुरुस्तीचा नाही." उज्ज्वलाबाईंना ते पटे. कलावंताच्या घरात नळ गळायचाच, असं त्या शेजारणींना सांगत.

२०४३ च्या जूनमध्ये संग्रहालयात नवे संचालक आले. डॉ. हृषीकेश लिमये, वय अडतीस, पुण्याचे. त्यांनी येताना एक यंत्र आणलं. आकारानं जाळीच्या कपाटाएवढं. आत वस्तू ठेवायची, दार लावायचं. चारी बाजूंनी निळसर प्रकाशाच्या पट्ट्या तिच्यावरून सरकत राहायच्या. कागदोपत्री त्याचं नाव होतं 'हातवळण वाचक'.

पहिल्या दिवशी लिमयांनी सगळ्यांना ते समजावून सांगितलं. धातूवर, लाकडावर हात फिरला, हत्यार फिरलं, की ओरखडा उठतो. डोळ्यांना दिसत नाही, पण तो जात नाही. त्यावरून दुसरा ओरखडा गेला, की पहिला तुटतो. म्हणजे आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता, हे कळतं. घामातलं मीठ धातूला वर्षानुवर्षं किती खोल खात गेलं, यावरून साल निघतं. हे सगळं आधीपासून माहीत होतं. नवा शोध पुढचाच होता.

"अक्षराला जसं वळण असतं," लिमये म्हणाले, "तसं प्रत्येक हाताला असतं. कानस पुढं ढकलताना मनगट किती वळतं, दाब कुठं वाढतो, शेवटी हात उचलला जातो की ओढला जातो, हे माणसागणिक वेगळं. सराव झाला की ते इतकं पक्कं होतं, की बदलायचं म्हटलं तरी बदलत नाही. हे यंत्र तेच वाचतं. दोन वस्तूंवर एकच हात फिरला असेल, तर हे सांगेल."

संग्रहातले जुने शिपाई कल्लाप्पा सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे चहाडखोर आहे की हे."

तेव्हापासून त्याचं नाव चहाडखोर पडलं.

चहाडखोरानं पहिल्या पंधरवड्यातच दाणादाण उडवली. अकरा तासांत पुणे गाठणाऱ्या सायकलची चाकं फार तर चाळीस किलोमीटर फिरली होती. सीटवर मात्र बारा वर्षं कोंबड्या बसल्या होत्या. संग्रहालयाचे विश्वस्त धैर्यशील इनामदार यांच्या आजोबांची चांदीची कंपासपेटी दर्शनी दालनात काचेखाली होती. 'याच कंपासनं रावसाहेबांनी पहिल्या पंपाचं चित्र काढलं.' यंत्राच्या मते कंपासचे पाय आयुष्यात वीसेक वेळाच फाकले होते, आणि मिटलेल्या टोकाला जे लागलं होतं ती शाई नव्हती.

इनामदार तावातावानं संग्रहात आले. "बाई, हे काय छापलंय तुम्ही नव्या कार्डावर?"

"जे निघालं ते."

"आमच्या आजोबांनी या कंपासनं दातातली सुपारी काढली?"

"रोज. जेवणानंतर. दोन्ही वेळा."

"यंत्राला काय कळतंय!"

"माणसं चुकीचं सांगतात, साहेब. वस्तू सांगत नाही," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. अठ्ठावीस वर्षं 'म्हणे' लिहून लिहून त्यांचं मन तुंबलं होतं. आता ते मोकळं होत होतं. त्या रोज दहा-पंधरा कार्डं नव्यानं लिहीत आणि संध्याकाळी प्रसन्न चेहऱ्यानं घरी जात.

त्यांच्या घरी दिवे लागायच्या आत जेवण उरकायची जुनी पद्धत होती. वडील, नेमिनाथ मगदूम, म्हणजे अण्णा, आता शहाऐंशी वर्षांचे, त्यांच्याजवळच राहत. शशिकांतराव पूर्वी त्यांचे विद्यार्थी. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासऱ्यांना 'सर'च म्हणत. शशिकांतरावांनी नोकरी सोडल्यापासून दुपारभर दोघे पुढच्या ओट्यावर कॅरम खेळत आणि एकमेकांवर चिडत.

एके दिवशी भाकरी वाढता वाढता उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "या शुक्रवारी तुमच्या शेंगाफोडणीचा नंबर लावलाय यंत्रात."

शशिकांतरावांना ठसका लागला. अण्णांनी न सांगता पाण्याचा तांब्या पुढं केला.

"ती कशाला?" ठसका ओसरल्यावर शशिकांतराव म्हणाले. "तिच्याबद्दल काही शंका आहे का?"

"शंका नाही म्हणूनच. आणि पुढं ऐका. येत्या रविवारी नवं दालन उघडतंय, 'हात आणि वस्तू'. लिमये सरांना हयात निर्माता पाहिजे, प्रात्यक्षिक करून दाखवणारा. अकरा हजार वस्तूंत हयात निर्माते चार. एक कॅनडात, एक अंथरुणाला खिळलेले, अण्णांचे हात आता थरथरतात, चौथे तुम्ही. निमंत्रणपत्रिकेत नाव छापलंय."

"अगं, पण तू तिथली अधिकारी. मी तुझा नवरा. लोक काय म्हणतील? मला बाजूला ठेव."

"लोक काही म्हणू नयेत, म्हणूनच तर यंत्रात घालायची," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "अण्णा, तुम्ही सांगा की यांना."

अण्णांनी कानामागं हात नेला आणि कानाचं मशीन बंद केलं.

शुक्रवारी दुपारी शेंगाफोडणी चहाडखोराच्या पोटात गेली. उज्ज्वलाबाई, लिमये आणि कल्लाप्पा पडद्यासमोर उभे राहिले. अहवाल उमटू लागला.

'सर्वांत वरचा थर: अंदाजे अठ्ठेचाळीस तासांपूर्वी. पॉलिश पेपरनं घासण्याचा प्रयत्न. पेपर आधी उलट्या बाजूनं धरलेला. हात अननुभवी. घाम विपुल. सुमारे नऊ दाते घासून काम अर्धवट सोडलेलं.'

"परवा?" उज्ज्वलाबाई कल्लाप्पांकडं वळल्या. "परवा मी बैठकीत होते. संग्रहात कोण आलं होतं?"

कल्लाप्पा छताकडं बघू लागले. "साहेब आले होते. आपले. म्हणाले, आपल्या लेकराला एकदा बघून जातो."

उज्ज्वलाबाईंना हसू आलं. बिचारे, वस्तू चकचकीत दिसावी म्हणून आले असतील. त्यांनी पुढं वाचलं.

'मूळ घडण: २०१०. दाते चौसष्ट. एकच हात. कानशीचा सराव पंचवीस वर्षांहून अधिक.'

त्यांचं हसू थांबलं. २०१० साली शशिकांत पंचवीस वर्षांचे होते. पंचविसाव्या वर्षी पंचवीस वर्षांचा सराव असायचा, तर माणसानं पाळण्यातच कानस धरायला हवी.

'हातवळण जुळणारी वस्तू: ४४१७. शक्यता नव्व्याण्णव टक्के.'

४४१७ कुठं आहे, हे बघायला त्यांना कार्ड लागलं नाही. तो एक पोलादी घन होता, दोन इंची, आरशासारख्या सपाट बाजूंचा. आयटीआयमधल्या पोरांना 'काम असं असतं' म्हणून दाखवायला कानशीनं घडवलेला. घडवणारे नेमिनाथ मगदूम. देणगीदार उज्ज्वला दानोळे.

मग लिमये खाकरले. "मॅडम, आपण हा अहवाल प्राथमिक समजू या. रविवारी पाहुणे येताहेत."

"इनामदारांचा अहवाल आपण प्राथमिक समजलो नव्हतो."

"इनामदारांच्या आजोबांना आपण प्रात्यक्षिकाला बोलावलं नव्हतं."

उज्ज्वलाबाईंनी पर्स उचलली आणि त्या निघाल्या. बिनचालकाच्या रिक्षानं दारात सोडताना विचारलं, "प्रवास सुखाचा झाला का?" त्यांनी तिला दार आपटून उत्तर दिलं.

ओट्यावर कॅरम रंगात आला होता. उज्ज्वलाबाई पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"चौसष्ट दाते कुणी घासले?"

शशिकांतरावांच्या हातातला स्ट्रायकर खाली पडला. अण्णांचा हात कानामागं निघाला.

"अण्णा, मशीन बंद करायचं नाही."

"बंद कुठं? बॅटरीच उतरलीय त्याची."

"ती उन्हावर चालते आणि तुम्ही उन्हात बसलाय. बोला, कुणी घासले?"

"मी," शशिकांतराव क्षीण आवाजात म्हणाले.

उज्ज्वलाबाई आत गेल्या आणि लाटणं घेऊन आल्या. "ही कानस समजा. हा कॅरमबोर्ड म्हणजे लोखंड. घासून दाखवा."

शशिकांतरावांनी लाटणं दोन्ही हातांच्या बोटांत बासरीसारखं धरलं. त्यांनी ते बोर्डाच्या कडेवरून एकदा पुढं नेलं, एकदा मागं ओढलं, आणि आशेनं बायकोकडं बघितलं.

"अरे, मूठ तळहातात!" अण्णा एकदम गरजले. "बासरी वाजवतोस काय? अंगठा वर! मागं येताना दाब द्यायचा नाही! तीन वर्षं शिकवलं तुला, तीन वर्षं!"

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण बोलून बसलो.

उज्ज्वलाबाई पायरीवर टेकल्या. "तीन कशी?" त्यांनी विचारलं. "फिटर ट्रेड तर दोन वर्षांचा."

"एकदा नापास झालो होतो," शशिकांतराव म्हणाले.

"मीच केला होता," अण्णा म्हणाले.

"म्हणजे नापास केलेल्या पोराला तुम्ही माझ्यासाठी पास केलंत."

अण्णांनी सोंगट्या एकेक करून मधल्या वर्तुळात लावायला घेतल्या. हाताला काही काम असल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. "तू कोल्हापूरला वसतिगृहात होतीस, बारावीला. तुझी आई मिरजेला दवाखान्यात होती, बावीस दिवस. परीक्षा म्हणून तुला कळवलं नाही."

"ते माहीत आहे मला. नंतर सांगितलंत तुम्ही."

"एवढंच सांगितलं. रोज सकाळी डबा कोण आणत होतं, ते नाही सांगितलं. हा. सांगलीवरनं सायकलवर. मी बोलावला नव्हता. चौथ्या दिवशी म्हटलं, मार्क पाहिजेत का रे? तर म्हणतो, नको सर, मार्काचं माझं मी बघतो. आणि बघितलं नाहीच. नापास झाला. तरी दुसऱ्या दिवशी डबा आलाच." अण्णांनी लाल सोंगटी मधोमध ठेवली. "हाताला वळण नाही, उज्ज्वला. माणसाला आहे. मला जावई पाहिजे होता, फिटर नव्हे."

"मग हे मला सरळ सांगायचं होतं!"

"तू ऐकलं असतंस?"

बावीस वर्षांची ती मुलगी त्यांना चांगली आठवत होती. नापास झालेला, सुटे भाग विकणारा, कानस बासरीसारखी धरणारा मुलगा सांगून आला असता, तर ती आठवडाभर मैत्रिणींना सांगून हसली असती. हे कळत होतं, त्यामुळंच राग आणखी वाढला.

"तुम्ही दोघांनी मिळून मला कानशीनं घासून पाहिजे तशी बसवलीत," त्या म्हणाल्या. "आणि बत्तीस वर्षं मी जगाला सांगत फिरले. पाहुण्यांना नेऊन दाखवली ती वस्तू. शाळेच्या सहली आल्या तर पोरांना सांगितलं. तुम्ही शेजारी उभे राहून हसत होता."

"हसत नव्हतो," शशिकांतराव म्हणाले. "मला प्रत्येक वेळी घाम फुटायचा."

"ते आलंय अहवालात," उज्ज्वलाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

शनिवारी सकाळी शशिकांतरावांनी प्रायश्चित्त म्हणून स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करायला घेतला. अर्ध्या तासानं नळ गळायचा थांबला, कारण पाणी आता भिंतीतून येत होतं. प्लंबर आला, त्यानं शशिकांतरावांकडं आदरानं बघितलं आणि विचारलं, "काका, एवढं मोडायला हत्यार कुठलं वापरलं?" एरवी उज्ज्वलाबाई हसल्या असत्या. त्या पदर खोचून पाणी पुसत राहिल्या, मग सुट्टी असूनही संग्रहात निघून गेल्या.

२०९३ चं कार्ड बदलायचं होतं. दुसऱ्यांची कार्डं त्यांनी एका फटक्यात बदलली होती. या कार्डापुढं त्या पेन घेऊन तासभर बसून होत्या. खोडायचं एकच नाव होतं. ते खोडलं, की त्या जागी काय उरतं?

कल्लाप्पांनी चहा आणून ठेवला, आणि चहासोबत एक कागद. "बाई, काल तुम्ही तरातरा गेला. अहवालाचं दुसरं पान छपाई यंत्रातच राहिलं होतं."

दुसरं पान हँडलबद्दल होतं.

'हँडलवर वेगळा हात. घडवणाऱ्याचा नव्हे. पॉलिश पेपरच्या थराशी जुळतो. २०१० साली सुमारे तीन महिने. फेरे अंदाजे एक लाख ऐंशी हजार. तळहाताला फोड येऊन फुटल्याच्या खुणा, बरे होण्याआधीच पुन्हा फेरे. दाते एकूण चौदा वेळा उतरवून पुन्हा घासलेले. प्रत्येक वेळच्या घासणीआधी हँडलचे दहा ते पंधरा हजार फेरे. टीप: प्रत्येक वेळी सगळे दाते घासलेले नाहीत. निवडक दाते.'

उज्ज्वलाबाईंनी पान तीनदा वाचलं. अकरा हजार वस्तूंबरोबर आयुष्य काढलेल्या बाईला यातलं शेवटचं वाक्य कळायला यंत्र नको होतं. निवडक दाते घासले, म्हणजे कोणते दाते घासायचे हे कुणीतरी निवडलं होतं.

त्या घरी आल्या तेव्हा शशिकांतराव ओट्यावर एकटेच बसले होते. त्यांच्या हातावर प्लंबरनं लावलेली पट्टी होती.

"शेंगाफोडणीतला कुठला दाता खराब होता?" उज्ज्वलाबाईंनी विचारलं.

"सदतिसावा," ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले. मग दचकले. "का?"

"कसं कळलं तुम्हाला?"

"आवाज यायचा. शेंग फुटली की कट् वाजतं, दाणा फुटला की कच्. बारीक फरक आहे. सर म्हणायचे, सगळे दाते सारखे आहेत, मी मोजलेत. मी म्हणायचो, सदतिसावा कच् करतोय. मग सर उतरवून बघायचे, आणि निघायचा केसभर उंच. त्याच्याआधी बावन्नावा होता. त्याच्याआधी नववा आणि दहावा, जोडीनं." ते बोलता बोलता खुलले होते. "शेवटी तर कोनच बदलायला लावला मी. सर आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी."

"आणि हे तुम्ही मला बत्तीस वर्षांत कधी सांगितलं नाही."

"यात काय सांगायचं? मी नुसता फिरवत होतो. फिरवायला काय, कुणीही फिरवेल."

उज्ज्वलाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. या माणसानं जे केलं नव्हतं ते केलं म्हणून सांगितलं होतं, आणि जे खरोखर केलं होतं ते सांगण्यासारखं आहे, असं त्याला वाटलंच नव्हतं.

"मी अजून रागावलेलीच आहे," त्या म्हणाल्या.

"होय."

"पण उद्या तुम्ही यायचं."

"येणार. आणि मीच सांगणार. कार्डावर वाचून लोकांना कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे."

रविवारी दालन भरलं होतं. पहिल्या रांगेत विश्वस्त, त्यांत इनामदार; कडेला चाकाच्या खुर्चीत अण्णा. लिमये सारखा कपाळावरचा घाम पुसत होते. शशिकांतराव माइकपुढं आले. त्यांनी भाषणाचा कागद काढला, उलटा धरला, सुलटा केला आणि खिशात ठेवून दिला.

"ही शेंगाफोडणी मी केलेली नाही," ते म्हणाले.

लिमयांनी डोळे मिटून घेतले. मग इनामदार एकटेच उठले आणि मनापासून, कडकडून टाळ्या वाजवू लागले. आपल्या आजोबांना अखेर जोडीदार मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"ही माझ्या सासऱ्यांनी केली. नेमिनाथ मगदूम सर. मी खोटं बोललो, कारण समोर जी मुलगी उभी होती तिला नाही म्हणवलं नाही. मी फक्त फिरवली."

"फक्त काय?" अण्णा खुर्चीतून ओरडले. "एक लाख ऐंशी हजार वेळा! माझं डोकं खाल्लंस तीन महिने, ते सांग की!"

लोक हसले आणि वातावरण सैल झालं. शशिकांतरावांनी शेंगा ओतल्या, हँडल धरलं, फिरवलं. दाणे पडू लागले. पाच-सात फेरे झाले नाहीत, तोच ते थांबले आणि कान तिरका केला.

"सदतिसावा," ते म्हणाले.

"माझा सदतिसावा?" अण्णा म्हणाले. "तेहतीस वर्षांपूर्वी नीट केलाय मी."

"बुधवारी मी पॉलिश पेपर मारला ना, सर. नऊ दात्यांना. त्यात तो आला."

अण्णांनी खुर्ची पुढं घेतली. "कानस आणा. दोन मिनिटांचं काम आहे."

"अण्णा, हात लावायचा नाही," उज्ज्वलाबाई आडव्या आल्या.

"माझी वस्तू आहे!"

"कालपर्यंत नव्हती. आणि आता संग्रहाची आहे. संग्रहातल्या वस्तूवर कानस चालवता येत नाही. घडवणाऱ्यालाही नाही."

"बिघडलेली ठेवणार?"

"बिघडलेली ठेवणार, आणि कशी बिघडली ते लिहिणार."

बाप-लेकीचा वाद भर सभेत दहा मिनिटं चालला. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना तो प्रात्यक्षिकाचाच भाग वाटला. फुटलेले दाणे घालून भडंग करून सगळ्यांना वाटण्यात आलं आणि चवीत कुणाला काही फरक कळला नाही. लिमये निघताना म्हणाले, "मॅडम, पुढच्या महिन्यात पुन्हा ठेवू या का असं काहीतरी?"

नव्या कार्डावर उज्ज्वलाबाईंनी लिहिलं: 'घडण: नेमिनाथ मगदूम. चाचणी आणि सुधारणा: शशिकांत दानोळे. आधीची नोंद चुकीची होती आणि ती मी केली होती.'

पण अण्णांना सदतिसावा दाता झोपू देईना. संग्रहातल्या यंत्राला हात लावता येत नाही, तर नवं करायचं, असं त्यांनी मंगळवारी जाहीर केलं. आता त्यांचे हात थरथरत होते; शंभर फटक्यांत खांदा भरून येई. म्हणून घासायचं शशिकांतनं, सांगायचं आपण. ओट्यावरचा कॅरम आत गेला आणि त्या जागी बाक आलं, बाकाला लोखंड आवळून धरणारी व्हाइस लागली. पहिले पंधरा दिवस एकच काम: लोखंडाचा एक तुकडा सपाट करायचा.

शेजारीपाजारी रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन अण्णांचं ओरडणं ऐकत. शशिकांतराव अठ्ठावन्नाव्या वर्षी घामानं निथळत होते. त्यांच्या सदऱ्याला, भुवयांना, चहाच्या कपाला लोखंडाचा कीस लागलेला असे. एकदाही ते 'कंटाळलो' म्हणाले नाहीत. दिवसाला तीनदा तुकडा सोडवून ते अण्णांपुढं धरत, आणि अण्णांना आता बारीक दिसत नसल्यामुळं तपासायचं काम उज्ज्वलाबाईंकडं आलं होतं.

एका संध्याकाळी त्या नुकत्याच कामावरून आल्या होत्या. पर्स खांद्यालाच होती. शशिकांतरावांनी तुकडा सदऱ्याला पुसून त्यांच्या हातात दिला. उज्ज्वलाबाईंनी गुण्याची पोलादी कड त्यावर टेकवली आणि दोन्ही मावळतीच्या दिशेनं डोळ्यांसमोर धरलं. काम सपाट असेल तर मधून काही दिसत नाही.

"काय दिसतंय?" अण्णांनी विचारलं.

"उजेड."

"किती?"

उज्ज्वलाबाईंनी तुकडा फिरवून पुन्हा नीट बघितलं.

"भरपूर," त्या म्हणाल्या.

शशिकांतरावांनी मान हलवली, तुकडा परत घेतला, व्हाइसमध्ये आवळला आणि पुन्हा कानस उचलली. उज्ज्वलाबाई पर्स न उतरवताच पायरीवर बसल्या आणि पुढच्या तपासणीची वाट बघू लागल्या.